गाडी पांढरा धूर टाकते, गॅसकेट बदललं तरी परत टाकते

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की साताऱ्यातल्या कुठल्याही गॅरेजात एक तक्रार ठरलेली: "मिस्त्री, गाडी पांढरा धूर टाकतीया." पाठोपाठ दुसरं वाक्यही येतं, "शेजारचे म्हणाले हेड गॅसकेट गेलंय." हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधली पातळ पट्टी. शेजाऱ्यांचं खरंही असू शकतं. पण या दिवसांत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना काहीच झालेलं नसतं. आणि ज्यांना खरंच झालेलं असतं, त्यांतल्या काही याआधी कुठंतरी गॅसकेट बदलून आलेल्या असतात. पैसे गेले, गाडी चार-सहा महिने बरी चालली, मग मे महिन्यात पाचगणीला जाताना परत तोच ढग. हे लिहितोय ते मुख्यतः अशा गाडीवाल्यांसाठी. पहिल्या गटातल्यांचं काम दोन-तीन परिच्छेदांत होऊन जाईल.

पांढऱ्या धुरात साधं पाणी असू शकतं, इंजिनात शिरलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) असू शकतं, न जळलेलं डिझेल असू शकतं. क्वचित इंजिन ऑइल, त्याहून क्वचित ब्रेक ऑइल. लांबून सगळे सारखेच दिसतात, त्यात सकाळचं ऊन समोरून असेल तर निळसर धूरही पांढरा वाटतो. म्हणून नुसत्या रंगावर निदान करू नये. धूर कधी येतो, किती वेळ टिकतो, वास कसला आहे आणि कूलंट कमी होतंय का, एवढं मालकाला नीट सांगता आलं तर मिस्त्रीचं अर्धं काम तिथंच झालं. पहिल्या सेल्फचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणलात तर फारच उत्तम. गॅरेजात येईपर्यंत गाडी तापलेली असते आणि धूर गायब असतो, हा रोजचा अनुभव आहे.

सकाळचा धूर

इंधन जळलं की पाणी तयार होतंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. डिझेलचंही जवळपास तसंच. उन्हाळ्यात ही वाफ हवेत मिसळून जाते, दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साताऱ्यात पारा १०-१२ अंशांवर उतरतो, महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. तेव्हा तीच वाफ पाइपच्या तोंडाशी थंड होऊन पांढरी दिसते. रात्रभर गार पडलेल्या सायलेन्सरच्या आतही तिचं पाणी होतं आणि टोकातून थेंब थेंब गळतं. त्या पाण्याला घाबरायचं कारण नाही.

हा धूर पातळ असतो, पाइपपासून हात-दोन हातांवर विरून जातो, त्याला फारसा वास नसतो. सायलेन्सर तापला की तो बंद होतो. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून निघालेल्या गाडीचा हा धूर वाढे फाट्याच्या आत, म्हणजे गाव सोडेपर्यंत, थांबायला हवा. पावसाळ्यात कासला, ठोसेघरला किंवा महाबळेश्वरात मात्र तो जास्त वेळ दिसतो, कारण तिथली हवाच ओलीचिंब असते. वर धूर दिसतोय आणि खाली साताऱ्यात उतरल्यावर दिसत नाही, कूलंटही जागच्या जागी आहे, तर तो हवेचा परिणाम आहे.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे एक किलो गॅस जळला की दोन किलोहून जास्त पाणी तयार होतं. तीच गाडी पेट्रोलवर कमी आणि गॅसवर जास्त पांढरा धूर टाकते, यात किट बसवणाऱ्याचा काही दोष नाही. उगाच भांडायला जाऊ नका.

गाडी रोज फक्त घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढीच फिरत असेल तर सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही. पाणी आत साचतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. अशा गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट सायही जमते. ती फक्त झाकणाखाली असेल आणि डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असेल तर आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर तास-दीड तास पळवा, साय निघून जाते.

कूलंट कमी होतंय का?

खरा तपास इथून सुरू होतो. गाडी थंड असताना, सपाट जागेवर, कूलंटच्या बाटलीवर पातळीशी मार्करनं खूण करा. आठवडाभर रोज सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून बघा. पातळी हलली नाही तर हेड गॅसकेटचं नाव सध्या बाजूला ठेवा. खाली जात असेल तर आधी बाहेरची गळती शोधा: रेडिएटरच्या कडा, होज पाइपांचे क्लिप, वॉटर पंपाखालचा डाग, पुढच्या सीटखालचं ओलं मॅट. बाहेर कुठं थेंब नाही आणि तरी बाटली रिकामी होतेय, म्हणजे गाडी पाणी खाते, कूलंट इंजिनात जातंय.

हेड आणि ब्लॉक यांच्या मधे गॅसकेट असतं. जळणाऱ्या इंधनाचा दाब, ऑइल आणि कूलंट यांच्या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणं हे त्याचं काम. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधली कड जळाली की दोन गोष्टी होतात, आणि त्या वेगवेगळ्या वेळी होतात. इंजिन चालू असताना सिलिंडरमधला दाब कितीतरी जास्त, म्हणून गॅस पाण्यात घुसतो. बाटलीत बुडबुडे येतात, थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, कधी कूलंट उसळून बाटलीबाहेर सांडतं. इंजिन बंद केलं की उलटं होतं. गरम कूलंटमध्ये दाब शिल्लक असतो आणि ते हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं. म्हणून जाणकार मिस्त्री विचारतो, "ढाब्यावर अर्धा तास थांबून परत गाडी चालू केली की काय होतं?" त्या वेळी पहिले काही सेकंद इंजिन मिसिंग करत (अडखळत) असेल आणि मागं पांढरा लोट उठत असेल तर संशय पक्का. हा धूर जाड असतो, रस्त्यावर लांबपर्यंत तरंगत राहतो आणि गाडी तापली तरी थांबत नाही. त्याला गोडसर वास येतो, कारण कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. वास लांबून, हातानं हवा ओढून घ्या. पाइपला नाक लावू नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद शेडमध्ये तर गाडी चालूच ठेवू नका. आणि कूलंट चाखून बघणारे महाभाग आहेत म्हणून सांगतो, ते विष आहे. अंगणात सांडलं तर लगेच धुऊन टाका, गोड चवीमुळे कुत्री चाटतात आणि मरतात.

नुकतंच बिघडायला लागलेलं गॅसकेट धूर टाकेलच असं नाही. बऱ्याच गाड्या आधी महिनाभर नुसते बुडबुडे दाखवतात. उलट, ऑइलच्या वाटेशी गॅसकेट फुटलं तर धूर नसतो, पण डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं. असं ऑइल दिसल्यावर गाडी चालवू नका, टोइंग करून न्या. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत आणि गॅसकेटचं काम अख्ख्या इंजिनचं काम होऊन बसतं.

खात्री करायला तीन चाचण्या पुरतात. पहिली ब्लॉक टेस्टरची. थंड गाडीत रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या तोंडावर निळं पाणी भरलेली नळी धरतात, इंजिन चालू करतात आणि कूलंटवरची हवा त्यातून ओढतात. जळालेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं, डिझेलवर बहुतेक हिरवट होऊन पुढं पिवळ्याकडं जातं. नळीत कूलंट शिरू द्यायचं नाही, नाहीतर निकाल फसतो. दुसरी प्रेशर टेस्ट. झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरायची आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी दाब उतरलेला असेल आणि बाहेर थेंब नसेल, तर प्लग काढून सेल्फ मारला की ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर दोषी. तिसरी कंप्रेशनची, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजायची. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कंप्रेशन एकदम कमी भरलं तर त्यांच्या मधली कड गेलेली असते. पेट्रोल गाडीत नुसते प्लग काढून ओळीनं ठेवले तरी कळतं. बाकीचे तपकिरी आणि एकच वाफेनं धुऊन निघाल्यागत चकचकीत असेल तर पाणी तिथंच जातंय.

यातली एकही चाचणी न करता "हेड उतरवावं लागेल" असं कोणी म्हणालं तर गाडी तिथं खोलू देऊ नका. माझं हे मत अनेक मिस्त्री मित्रांना आवडत नाही.

परत का जातं?

गॅसकेट आपण होऊन क्वचितच जातं. बहुतेक वेळा आधी इंजिन तापतं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग गॅसकेटची पकड सुटते. नवं गॅसकेट घालून इंजिन का तापलं हे शोधलं नाही, तर नव्याची गतही तीच होणार. गावात हे लक्षात येत नाही. साताऱ्यात चौथ्या गिअरला पन्नासच्या वेगानं चालणाऱ्या गाडीचं अर्धं तुंबलेलं रेडिएटरही काम भागवून नेतं. खंबाटकी चढताना ट्रकच्या मागं, पसरणी घाटात सुट्टीच्या गर्दीत, एसी चालू, पाच माणसं आणि टपावर सामान, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला रडत चाललेली, समोरून वारा जवळपास नाही. तिथं मात्र शीतकरणातली प्रत्येक उणीव बाहेर पडते. काटा वर जातो आणि खर्च करून बसवलेलं गॅसकेट तासाभरात गेलेलं असतं.

म्हणून गॅसकेटच्या कामाबरोबर या गोष्टी बघितल्याच पाहिजेत. रेडिएटर आतून. आपल्याकडं बोअरचं पाणी टाकायची सवय आहे. त्यातले क्षार नळ्यांत बसतात, वॉटर पंपाचे पातेही खाऊन टाकतात. रेडिएटर बाहेरून. ऊस तोडणीच्या हंगामात कराड, कोरेगाव, इस्लामपूर, पलूस या बाजूला जो ट्रॉल्यांच्या मागं फिरतो त्याच्या रेडिएटरसमोर पाचटाचे तुकडे आणि धूळ यांचा थर बसतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत तो साचतो आणि समोरून बघितलं तर दिसत नाही. मागच्या बाजूनं पाणी मारून काढावा लागतो. प्रेशर जपून, नाहीतर पंख वाकतात. फॅन. एसी लावल्याबरोबर बहुतेक गाड्यांत तो फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं बघा.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिन चालतं ९० ते १०० अंशांवर. म्हणजे दाब नसेल तर तिथं साधं पाणी नुसत्या चालण्यानंच उकळायला लागेल. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून नीट मिसळलेलं कूलंट १२० अंशांच्या पलीकडं जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल झाली की हे सगळं संरक्षण गेलं. गॅसकेटच्या बिलात एक नवं झाकण असायलाच हवं, तेही त्याच गाडीच्या दाबाचं.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-बंद करणारी झडप. "काढून टाकला, आता गाडी तापणारच नाही," असं अभिमानानं सांगणारे मिस्त्री सातारा-सांगली पट्ट्यात अजून भेटतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरवून त्याला लवकर तापवतो. तो काढला की थंडीत इंजिन तापतच नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, डिझेल गाडी सकाळी जास्त वेळ पांढरा धूर टाकते आणि मालक परत गॅसकेटच्या नावानं रडत येतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तिथं तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं आणि घाटात गाडी आणखी तापते.

आता हेडच्या कामाकडं. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवतात. बऱ्याच गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. म्हणजे डोळ्याला दिसण्याच्या पलीकडचं हे काम. "बघितलं, सरळ आहे" याला अर्थ नाही. वाकलं असेल तर फेसिंगला (मशीनवर घासून सपाट करायला) पाठवायचं, आणि पाठवलंच आहे तर प्रेशर लावून तडाही तपासून घ्यायचा. व्हॉल्वच्या मधल्या जागेत केसाएवढी चीर असू शकते आणि ती थंड हेडवर दिसत नाही. गरम पाण्यात बुडवून हवा भरली की बुडबुडे सांगतात. फेसिंगच्या बिलावर हजार-दोन हजार वाचवलेल्या गाड्याच परत येतात.

डिझेल गाड्यांत एक गोम आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. पुष्कळ डिझेल इंजिनांची गॅसकेट वेगवेगळ्या जाडीची मिळतात. कडेला खाचा किंवा छोटी भोकं असतात, त्यांच्या संख्येवरून जाडी कळते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून जाडी ठरते. दुकानात हाताला लागलं ते जाड गॅसकेट बसवलं तर कंप्रेशन कमी होतं, आणि कमी कंप्रेशनचं डिझेल इंजिन थंडीत सकाळी हमखास पांढरा धूर टाकतं. गॅसकेट नवं, गळती शून्य, कूलंट जागच्या जागी, तरी धूर! पातळ बसवलं तर पिस्टन हेडला लागायची भीती. म्हणून जुनं गॅसकेट फेकून देऊ नका. मालकानं ते मागून घ्यावं आणि खाचा मोजाव्यात.

बोल्टांचंही तसंच. आजच्या बहुतेक गाड्यांचे हेड बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात, ते परत वापरायचे नसतात. आवळायचा क्रम मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोराला क्लिक करणाऱ्या पान्यानं), शेवटी ठरलेला अंश फिरवून. भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं असेल तर रेंच क्लिक करतो, पण बोल्ट घट्ट बसलेला नसतो. ब्लॉकचा माथा ग्राइंडरच्या डिस्कनं घासायची एक वाईट पद्धत पडली आहे. घाईत खड्डे पडतात, आणि घासलेला चुरा ऑइलमध्ये जातो तो वेगळाच.

डिझेल एसयूव्ही असेल तर हेड उघडण्याआधी ईजीआर कूलर तपासा, हे मी ठळक अक्षरांत लिहून ठेवायच्या लायकीचं समजतो. सायलेन्सरकडचा थोडा धूर परत इंजिनात सोडतात आणि त्याआधी तो कूलंटनं थंड करतात, ते हे यंत्र. आतून त्याची नळी फुटली की कूलंट थेट इंजिनच्या श्वासाबरोबर आत जातं. पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, सगळी लक्षणं गॅसकेटचीच. गॅसकेट दोनदा बदललेल्या आणि तरी पाणी खाणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा हाच निघतो. त्याची पाण्याची वाट तात्पुरती वळवून प्रेशर टेस्ट केली की काही मिनिटांत उलगडा होतो.

हळदीचा उपाय राहिला. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा तोडगा. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद इथं मुबलक, त्यामुळे तोडगाही जिवंत आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रावर तो घरी पोचण्यापुरता चालतो, हे खरं. हेड गॅसकेटवर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि नंतर तीच हळद हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिखल होऊन बसते. बाजारातल्या गळती बंद करणाऱ्या बाटल्यांचंही थोड्याफार फरकानं असंच.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर. घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता आत खेचली जाते. तरी उतरत नसेल किंवा तांबडा दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनवर ओतणारे दर मे महिन्यात दिसतात. अशानं हेडला तडा जातो आणि मग फेसिंगवर भागत नाही, हेडच बदलावं लागतं.

डिझेलचा धूर

डिझेलला प्लगची ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. हवा पुरेशी तापली नाही तर डिझेल पेटत नाही, त्याचे बारीक थेंब पांढरा धूर होऊन बाहेर पडतात. हा धूर डोळ्यांत झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो. पाइपच्या टोकापासून हातभर अंतरावर पांढरं फडकं धरा. पाण्याची वाफ असेल तर नुसतं ओलं होतं, डिझेल असेल तर वास आणि तेलकटपणा राहतो.

थंडीत पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड सिलिंडर आतून तापवणाऱ्या कांडीवर. चारातला एक मेला तर गाडी चालू होते, पण मिनिटभर तीन सिलिंडरवर थरथरते आणि पांढरं ओकते. वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेल्यातून वीज जातच नाही. सगळेच ठीक असतील तर रिले बघा. त्यानंतर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी. टपकणारा किंवा फवारा न मारणारा नोझल गाडी गरम झाल्यावरही धूर ठेवतो. तो पंप रूममध्ये बेंचवर तपासून घ्या, अंदाजानं चारही बदलू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागं गेलं तरी असाच धूर येतो, आणि हेडचं काम झाल्यावर लगेच सुरू झाला असेल तर आधी टायमिंगच्या खुणाच बघा. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ कधी उघडलाच नसेल तर तो आजच उघडा.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सहा (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते, आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. तेव्हा आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) थोडं वाढतं, फॅन जोरात फिरतो, करपट वास येतो आणि थोडा पांढुरका धूर दिसू शकतो. गाडी बंद करू नका, चालवत राहा. त्या वेळी कासच्या वाटेला वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.

थोडक्यात बाकीचे

पाचगणीहून पसरणी घाट उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, आणि वाईत पोचून रेस दिली की निळसर-पांढरा भपकारा निघतो. हे व्हॉल्व सीलचं (झडपांपाशी ऑइल अडवणाऱ्या रबराचं) लक्षण, कूलंटशी संबंध नाही. सतत निळसर आणि ऑइलची पातळी उतरतेय, तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारं यंत्र). डिझेलच्या टर्बोतून ऑइल जास्त शिरायला लागलं तर इंजिन त्या ऑइलवरच बेभान पळू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, तेव्हा टर्बोचं काम पुढं ढकलू नका.

पेट्रोल गाडीत कूलंट जागच्या जागी, ऑइल जागच्या जागी आणि तरी जाड पांढरा धूर, तर ब्रेक ऑइलची डबी बघा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळालं की ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) उतरतं आणि तिथून इंजिन ते ओढून घेतं. अशी गाडी सज्जनगडाच्या उतारावर न्यायची नाही. आधी ब्रेक.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर स्वस्तात विकल्या गेल्या. सेकंडहँड घेताना सीटखालची गाळाची रेघ बघाच. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल आणि इंधन बदलायचं, मग चालू करायची. त्यानंतर थोडा वेळ पांढरा धूर येणारच.

दुरुस्तीनंतर

गॅसकेटचं काम नीट झालं तरी पहिल्या दिवशी धूर येतो. जुनं कूलंट सायलेन्सरमध्ये साचलेलं असतं आणि ते जळून जायला वीस-तीस किलोमीटर लागू शकतात. गॅरेजबाहेर पाच मिनिटं उभ्या गाडीवर रेस देऊन निकाल लावू नका. यवतेश्वराचा चढ चढवून आणा, काट्यावर नजर ठेवा. नवं कूलंट भरताना आत हवा अडकते, म्हणून पहिल्या एक-दोन वेळा गाडी तापून थंड झाल्यावर पातळी थोडी उतरते. तेवढं भरा. पेट्रोल गाडीनं बरेच दिवस कूलंट जाळलं असेल तर सायलेन्सरच्या वाटेतले ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) खराब झालेले असू शकतात. धूर थांबूनही चेक इंजिनचा दिवा राहिला तर स्कॅन करून घ्या. मार्करची खूण पुसू नका. तिसऱ्यांदा भरूनही पातळी खाली गेली तर गाडी परत प्रेशर टेस्टवर लावा, आणि या वेळी ईजीआर कूलरपासून सुरुवात करायला सांगा.